चौथं कार्ड

त्या सकाळी आपण कार्डं तीन लिहिली की चार, हे हरिहर खरवंडीकरला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. तीन नक्की आठवतात. तिन्ही बायकोच्या, हेमाच्या नावानं. तिन्हींवर गोमती नगरचा पत्ता, पिनकोडसकट. पण बोटांची साक्ष वेगळी आहे. पेन खाली ठेवलं तेव्हा बोटं आखडली होती, आणि दोन-दोन ओळींच्या तीन कार्डांनी बोटं आखडत नाहीत. थंडी होती, हेही खरं. पस्तीस वर्षं आंब्याच्या झाडांच्या नोंदी ठेवलेला हा माणूस. पानाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहायची आणि लिहिण्याआधी दोनदा मोजायची, ही त्याची सवय. आठवणीला फूटपट्टी लावता येत नाही, हे मात्र त्याला उतारवयात कळलं. तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढच्या हकिगतीत कुठे सांधा निखळलेला दिसला, तर दोष हरिहरच्या डोक्याचा असेल. निदान तसा तो असावा, अशी त्याची फार इच्छा आहे.

सुरुवात अगदी साधी होती. २०१८ सालचा जानेवारी. लखनौच्या एका फळसंशोधन संस्थेतून निवृत्त होऊन त्याला आठ महिने झाले होते. त्यानं एक जुनी ईको गाडी घेतली, मागच्या सीटा काढून तिथे प्लायवुडचा पलंग ठोकून घेतला. छोटी शेगडी, पाण्याचा कॅन, दोन ब्लँकेटं, आणि सवयीनं खिशात भिंग. बेत असा होता: मलिहाबादवरून हरदोई, पिलीभीत करत टनकपूर, तिथून महाकाली नदी ओलांडून नेपाळ, मग पूर्वेकडे, जमेल तितकं. परतीची तारीख ठरवली नव्हती.

"गाडीतच झोपायचं होतं तर तीन खोल्यांचा फ्लॅट कशाला घेतलात?" हेमा म्हणाली. "नुसतं पार्किंग घ्यायचं."

मुलगी सावनी लखनौतच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. "बाबा, आप मानोगे नहीं, पता है. बस, रोज़ शाम को फ़ोन करना. और कुहरे में ओवरटेक मत करना, प्लीज़."

"अगं, मी आयुष्यात कधी ओव्हरटेक केलंय का?"

"वही तो," सावनी म्हणाली.

ती हसली, हेमाही हसली. हरिहरला ते लागलं. का लागलं, हे त्या दोघींना माहीत असायचं कारण नव्हतं.

चोवीस वर्षांपूर्वी, १९९४च्या जानेवारीत, हाच बेत त्यानं एकदा केला होता. तेव्हा ते अलीगंजमध्ये भाड्यानं राहायचे आणि शेजारच्या गल्लीत देवदत्त बोरगावकर राहायचा, त्याच संस्थेतला. लखनौसारख्या ठिकाणी दोन मराठी घरं जवळ आली की ती नात्यातली होऊन जातात. हेमा आणि देवदत्तची बायको लता यांच्यात तर वाटीभर साखरेपासून माहेरच्या रडण्यापर्यंत सगळी देवाणघेवाण होती. देवदत्त मोठा उत्साही आणि मोठा घाईचा. दौऱ्यावर निघायच्या आधीच तो नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायचा: गावाचं नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. झाड दिसलं की फांदी तोडायची आणि चिठ्ठी बांधायची, एवढंच शिल्लक.

"अरे, न बघितलेल्या झाडाची चिठ्ठी लिहितोस?" हरिहर चिडवायचा.

"झाड कुठे पळून चाललंय?" देवदत्त म्हणायचा. "आपणच वेळेवर पोचत नाही."

नोकरी सोडायची, संसार थोडे दिवस देवाच्या हवाली करायचा आणि देवदत्तच्या राजदूत मोटारसायकलवरून निघायचं, असं दोघांचं ठरलं होतं. घरी सांगायचं नाही. सांगितलं तर निघणं होणार नाही. कॉलनीत कुणी बघायला नको म्हणून भेटायचं मलिहाबादच्या अलीकडे, एका मोठ्या चौसा आंब्याखालच्या चहाच्या टपरीवर. सतरा जानेवारी, सकाळी सात.

त्या पहाटे साडेपाचला हरिहरचं गजराचं घड्याळ वाजलं. त्यानं ते बंद केलं, रजई डोक्यावरून ओढली आणि उजाडेपर्यंत डोळे उघडे ठेवून पडून राहिला. बस्स, एवढंच. सावनीला ताप होता असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. नव्हता.

देवदत्त गेला तो गेलाच. लताकडे त्याची पोस्टकार्डं येत राहिली, वर्षातून एक, कधी दोन. ती कार्ड कुणाच्या हातात द्यायची नाही, नुसतं गाव सांगायची. ते गाव हेमा घरी येऊन सांगायची: टनकपूर, पोखरा, गंगटोक, तवांग. "बायकोला टाकून हिंडतोय निर्लज्ज," हेमा म्हणायची, आणि हरिहर मान हलवायचा आणि मागाहून नकाशात ते गाव शोधायचा. आणखी एक गोष्ट त्याला टोचायची. त्या जानेवारीपासून लतानं त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. रस्त्यात दिसला की ती थांबायची, त्याच्या तोंडाकडे आणि मग हातांकडे निरखून बघायची आणि वळून जायची. तिला आपला शब्द आणि आपलं न जाणं, दोन्ही कळलं असणार, असं हरिहरनं धरून चाललं होतं. चोवीस वर्षं त्यानं ती नजर निमूट सोसली.

तर, निघायच्या दिवशी हेमा पाचला उठली. लखनौत निघणाऱ्याला चमच्यानं दही-चिनी, म्हणजे साखर घातलेलं दही, भरवतात. हेमाच्या माहेरची रीत हातावरची. उजव्या तळहातावर चमचाभर दही, ते चाटून खायचं, आणि उंबरा ओलांडेपर्यंतच काय, पहिला मुक्काम येईपर्यंत हात धुवायचा नाही.

"हात चिकट राहतो गं."

"राहू दे. दही खाऊन निघालेला माणूस परत येतो. तुमच्या विज्ञानात नसेल, आमच्यात आहे."

साडेपाचला त्यानं गाडी काढली. शहर संपेपर्यंत धुकं विरळ होतं. काकोरीच्या पुढे ते एकदम भिंतीसारखं उभं राहिलं. गाडीचं तोंडही दिसेना. ट्रकांचे भोंगे कुठून तरी यायचे आणि विझायचे. हरिहर दहाच्या वेगानं, काच खाली करून, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बघत चालला होता. मलिहाबाद जवळ आल्याची खूण नाकानं दिली: ओल्या पाचोळ्याचा, जुन्या आमराईचा वास. त्यानं गाडी कडेला घेतली, चारही केशरी दिवे उघडझाप करत ठेवले, मोबाइल चार्जिंगलाच राहू दिला आणि लघवीला उतरला.

रस्त्यालगतच बाग होती. चुना फासलेले बुंधे, दहा-दहा मीटरवर, सरळ रांगेत. अशा बागेत हरवणं हा प्रकार हरिहरला ठाऊकच नव्हता. अशा बागांतच त्याचा जन्म गेला होता. तरी त्यानं झाडं मोजली. चार झाडं आत गेला. मागे वळून बघितलं तर केशरी उजेड धुक्यात मिणमिणत होता. पानांवरून दव ठिबकत होतं, टप्... टप्... एवढाच आवाज.

परत निघाला. चार झाडं मोजली. रस्ता आला नाही.

एखादं जास्त मोजलं असेल. तो उजेडाच्या रोखानं चालत राहिला. उजेड जवळ येत होता, पण उघडझाप करत नव्हता, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तो एका जागी तांबूस धुमसत होता. धुराचा वास आला, सुक्या आंब्याच्या पानांचा, थोडा गोडसर. गवतानं शाकारलेली राखणदाराची झोपडी होती ती. पुढे पानांची शेकोटी. शेजारी राजदूत मोटारसायकल, मागे दोरीनं करकचून बांधलेली वळकटी. आणि शेकोटीपाशी, मांडीवर नमुने दाबायची लाकडी फळी घेऊन, काहीतरी लिहीत बसलेला देवदत्त.

एकोणचाळीस वर्षांचा. करडा स्वेटर, लतानं विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा लांब.

"आलास?" त्यानं वर न बघता विचारलं. "टपरी बंद होती, म्हणून इथे शेकत बसलो. मला वाटलं टांग देतोस की काय."

हरिहर त्या लांब बाहीकडे बघत राहिला.

"किती वाजले रे? माझं घड्याळ थंडीनं बंद पडलंय."

सवयीनं हरिहरनं मनगट बघितलं. "सात... सात दहा."

"मग काय, दहाच मिनिटं. तुझ्या मानानं लवकरच." देवदत्त हसला. हातातल्या कार्डावर त्यानं एक ओळ लिहिली आणि ते फळीखाली सरकवलं. "तू आल्याचं तेवढं लिहायचं राहिलं होतं. बस. धुकं उठलं की निघू." मग त्यानं प्रथमच नीट पाहिलं. "केस बघ तुझे. सगळं दव बसलंय."

हरिहरनं केसांवरून हात फिरवला. ते कोरडे होते.

"देवदत्त... तू इतका वेळ इथेच होतास?"

"मग कुठे जाणार? दोघांनी जायचं ठरलंय ना?"

ते वाक्य अगदी सहज आलं. चोवीस वर्षं ज्याचा हेवा केला तो हा. टनकपूर, पोखरा, गंगटोक, तवांग... आणि हा इथे, घरापासून दीड तासावर, पानं जाळत बसलेला. आपली वाट बघत.

तेव्हा आणखी एक गोष्ट त्याला दिसली. स्वतःच्या तोंडातून श्वासागणिक वाफ निघत होती. देवदत्तच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

"मी... गाडीतून मोबाइल घेऊन येतो," हरिहर म्हणाला.

"काय घेऊन येतोस?"

हरिहर वळला आणि चालू लागला. पळायचं नाही, एवढं भान होतं. चार झाडं. पुढे तांबूस उजेड. झोपडी. देवदत्त लिहीत होता. हरिहर काटकोनात वळला, प्रत्येक बुंध्याच्या चुन्यावर नखानं रेघ मारत गेला. पाचव्या बुंध्यावर रेघ आधीच होती. पुढे उजेड, झोपडी. तिसऱ्यांदा तो शेकोटीकडे पाठ करून सरळ चालला, डोळे मिटून, हात पुढे करून, आणि चेहऱ्याला ऊब लागली तेव्हा डोळे उघडले.

"मीही बघितलंय जाऊन," देवदत्त समजुतीनं म्हणाला. "एकट्याला सापडत नाही."

"आणि... दोघांना?"

"दोघं कधी होतो आपण?"

दव ठिबकत होतं. झाडं मघापेक्षा जवळ आल्यासारखी वाटत होती. दहा मीटरचं अंतर हरिहरची नजर बरोबर ओळखायची; आता ते सहाही नसावं. घरी हेमा चहा घेत असेल. संध्याकाळी फोन आला नाही की सावनी लावत बसेल. मग लोक म्हणतील, गेला हिंडायला, निर्लज्ज. कुणी शोधायलासुद्धा येणार नाही, कारण जातो असं आपण सगळ्यांना हसत सांगून आलो आहोत. 

"बस ना," देवदत्त म्हणाला. "उगाच दमू नकोस. हे बघ, मी काय केलंय." त्यानं सुतळीनं बांधलेला कार्डांचा गठ्ठा दाखवला. "वाटेत लिहायला वेळ कोण देतो? सगळी लिहूनच ठेवलीत. लता काळजी करत बसेल नाहीतर. टनकपूर... पोखरा... गंगटोक... तवांग. गाव आलं की टाकायचं."

एकेक कार्ड तो उलटत होता. जुनी, फिकट पिवळी सरकारी कार्डं. हेमानं घरी येऊन सांगितलेली गावं, त्याच क्रमानं.

"तूही लिही. हेमाला. मागाहून रडारड नको." त्यानं कोरी कार्डं आणि शाईचं पेन पुढे केलं.

नाही म्हणता आलं असतं. सुचलं नाही. दुसऱ्यानं पुढे केलेल्या कागदावर हरिहर जन्मभर सही करत आला होता. तो उकिडवा बसला, फळी गुडघ्यावर घेतली आणि लिहिलं. "सुखरूप आहे. थंडी आहे. उद्या पुढे." वर गावाचं नाव देवदत्तनं सांगितलं ते. मग दुसरं. मग तिसरं. तिसऱ्यावर काय लिहिलं ते त्याला आठवत नाही. पुढे आणखी एक कार्ड हातात आलं होतं का, त्यावर आधीच कुणाची ओळ होती का, आपण तिच्याखाली काही लिहिलं का... तिथे सगळं धुरासारखं आहे.

"गोमती नगर?" देवदत्त पत्ता वाचून म्हणाला. "तिथे तर नुसते प्लॉट पडलेत. हेमाची कार्डं तिथे कशाला पाठवतोस?"

हरिहरनं पेनाचं टोपण लावलं. त्यानं कार्डं परत दिली. देवदत्तनं ती घेतली आणि थांबला. कोपऱ्यावर एक पांढरट, ओलसर डाग पडला होता. अंगठ्याचा. देवदत्तनं कार्ड नाकाशी नेलं.

"दही?"

"हेमानं... निघताना... हातावर."

देवदत्तनं कार्ड खाली घेतलं. शेकोटीत एक पान पेटलं आणि आक्रसलं. त्या उजेडात त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा दिसला.

"मी लताला उठवलंच नाही," तो म्हणाला. "झोपली होती. उठवलं असतं तर... दिलं असतं तिनंही."

त्यानं सगळी कार्डं गठ्ठ्यात घातली. सुतळी बांधली, गाठ मारली, गाठ दोनदा ओढून बघितली.

"तू जा," तो म्हणाला. "तू परतायचं ठरवून आलायस."

"चल माझ्याबरोबर. देवदत्त... ऐक, चल."

देवदत्तनं मान हलवली. आता तो हरिहरकडे बघतच नव्हता, त्याच्या खांद्यावरून पलीकडे, झाडांच्या रांगेकडे बघत होता.

"थांबायला हवं," तो म्हणाला. "हरिहर येतो म्हणालाय. सातला."

हरिहर वळला. एक, दोन, तीन, चार. पायाखाली डांबर आलं.

ऊन पडलं होतं. स्वच्छ, पिवळं, कलतं ऊन. गाडीचे दिवे विझले होते, बॅटरी पार उतरली होती, आणि गाडीभोवती एक हवालदार आणि दोन माळी उभे होते.

"कहाँ थे बाबूजी?" हवालदार म्हणाला. "सुबह से गाड़ी खड़ी है. साढ़े तीन बज रहे हैं."

"बाग में..."

"बाग तो हमने दो बार छान मारी," माळ्यांपैकी म्हातारा म्हणाला.

हरिहरनं झोपडीचं विचारलं.

"झोपड़ी? जाड़े में बाग में कौन रहता है, साहब? रखवाला तो फल के टाइम बैठता है."

हरिहरनं मागे बघितलं. बाग चारच रांगांची होती. तिच्या आरपार मोहरीचं पिवळं शेत दिसत होतं आणि शेतापलीकडे वीटभट्टीची चिमणी. लपायला सशालासुद्धा जागा नव्हती. त्याच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि काटा चालू होता.

सावनी येऊन त्याला घेऊन गेली. घरी पोचल्यावर ती म्हणाली, "हो गया ना बाबा, वर्ल्ड टूर? अब आराम करो." हेमानं मात्र त्याचा उजवा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "बरं झालं धुतला नाहीत."

लताला सांगायला हवं, म्हणून चार दिवसांनी तो अलीगंजला गेला. ती अजून त्याच भाड्याच्या घरात राहत होती. मुलगा वरद बंगळुरूला बोलावून थकला, पण पत्र याच पत्त्यावर येतं म्हणून ती हलली नव्हती. तिनं दाराची साखळी न काढता फटीतून बघितलं. त्याच्या तोंडाकडे, मग हातांकडे.

"वहिनी, मला देवदत्त..."

"भाऊजी, तुम्ही जा," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. त्याला तेव्हा प्रथमच वाटलं, की ही बाई आपल्याला भिते.

दोन आठवड्यांनी हेमाच्या नावानं कार्ड आलं. फिकट पिवळं, तसली कार्डं छापणं बंद होऊन जमाना झालेला. शिक्का पुसट. टनकपूर. सुखरूप आहे. थंडी आहे. उद्या पुढे.

"अहो, हे कधी टाकलंत?" हेमानं विचारलं.

"त्या दिवशी," हरिहर म्हणाला. ते खोटं नव्हतं.

दुसरं पुढच्या जानेवारीत आलं. पोखरा. ते हेमानं फ्रिजवर चुंबकानं लावलं. नवऱ्याची काहीतरी खुळी गंमत आहे, पोस्टातल्या कुणाला हाताशी धरलंय, अशी तिची समजूत. त्यानं ती मोडली नाही. पण हळूहळू ती त्या कार्डाची बाजू घेऊ लागली. "इथे बसून नुसती कुरकुर. हा बघा, हिंडतोय," असं म्हणायची, आणि हसायची, आणि कार्डावरची धूळ पदरानं पुसायची.

तिसरं आलेलं नाही. त्यावर काय लिहिलंय हे आठवत नसल्यामुळे ते हेमाच्या आधी आपल्या हातात पडावं, एवढ्यासाठी हरिहर रोज अकराला खाली पत्रपेटीपाशी जातो. सावनीचं लग्न भोपाळला ठरत होतं. त्यानं हट्टानं लखनौला लावलं. पुण्याला भाऊ वारला तेव्हाही तो गेला नाही. ईको गाडी इमारतीखाली ताडपत्रीखाली उभी आहे. तिची चारही चाकं बसली आहेत.

२०२४च्या फेब्रुवारीत लता गेली. घर रिकामं करायला वरद आला आणि जाण्यापूर्वी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन गोमती नगरला आला.

"काका, मम्मी बोलकर गई थीं, आपको देना है. पापा के कार्ड हैं." तो जरा ओशाळला. "मराठी मुझसे ठीक से पढ़ी नहीं जाती."

तो गेल्यावर हरिहरनं डबा टेबलावर उपडा केला. लता शाळेत ग्रंथपाल होती. प्रत्येक कार्डाच्या मागे तिनं लाल शाईनं ते कधी हाती आलं याची तारीख घातली होती. हरिहरनं तारखेप्रमाणे कार्डं लावली. शेवटचं डिसेंबर २०१७चं. त्यानंतर एकही नव्हतं. मग त्यानं सगळ्यांत तळाचं, पहिलं कार्ड उचललं.

वर देवदत्तचं अक्षर: "मलिहाबाद. हरिहर आला. आता दोघं निघतो." त्याखाली, उजवीकडे कलणाऱ्या बारीक अक्षरात: "वहिनी, काळजी नसावी. मी बरोबर आहे. हरिहर."

कोपऱ्यावर अंगठ्याचा वाळलेला डाग होता. हरिहरनं भिंग लावलं. ठशाच्या रेषा स्पष्ट होत्या आणि त्यांना मधोमध छेदून एक तिरकी रेघ गेली होती. त्यानं आपला उजवा अंगठा शेजारी धरला. कलम बांधताना चाकू लागून झालेला तो व्रण त्याला २००३ साली पडला होता.

मागे लताची लाल शाई होती. "आलं: २२ जानेवारी १९९४. आजच संध्याकाळी भाऊजी दुधाच्या रांगेत दिसले. विचारलं नाही."

हरिहरच्या जुन्या डायऱ्या माळ्यावर होत्या. १९९४ची सापडायला संध्याकाळ झाली. बावीस जानेवारी, शनिवारचं पान कोरं नव्हतं. त्याच कलत्या अक्षरात तिथे लिहिलं होतं: "दाट धुकं. दूध आणलं. लतावहिनी रांगेत पुढे होत्या. माझ्याकडे बघून बाटल्या तिथेच टाकून पळत गेल्या."